वीराची अंघोळ

आमच्या घरातला वीर फुटला महाशिवरात्रीच्या सकाळी, आणि तो फोडला माझ्या सासूबाईंनी. हातोड्यानं नाही, अंगठ्यानं. तुम्ही म्हणाल, सुवर्णाला मीठमसाला लावून सांगायची सवयच आहे. आहे सवय, नाही कोण म्हणतं! पण ह्यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही.

वीर म्हणजे आमच्या देवघरातला चांदीचा टाक. निम्म्या तळहाताएवढा पत्रा, त्यावर घराण्यातल्या कुणा पराक्रमी पूर्वजाची मूर्ती ठोकलेली. नाशकात धुळवडीला आम्ही रंग खेळत नाही, तो पंचमीला. धुळवडीला आम्ही वीर नाचवतो. टाक लाल फडक्यात नारळासोबत बांधायचा, वर झेंडूचा हार घालायचा, घरातल्या थोरल्या पुरुषानं तो दोन्ही हातांनी छातीशी धरायचा आणि हलगीच्या तालावर नाचत गंगेवर न्यायचा. गंगा म्हणजे गोदावरीच, पण आमच्याकडं तिला गोदावरी फक्त शाळेच्या पुस्तकात म्हणतात. गंगेवर वीराला अंघोळ, मग होळीला फेऱ्या, मग घरी. तो एक दिवस वीर पुरुषांचा. बाकी वर्षभर सुनांचा. म्हणजे रोज त्याला घासूनपुसून न्हाऊ घालायचं काम सुनांचं.

आणि ह्या अंघोळीची आमच्या घरची रीत अशी, की ऐकून माझं तर लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात डोकं फिरलं होतं. वीर हा घरातला सगळ्यात थोरला सासरा. सुनेनं सासऱ्यासमोर मान वर करायची नाही. म्हणून वीराला घासायचं ते डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून, नजर बाजूच्या तांब्यात ठेवून. अंगठ्यानं रांगोळीची पूड लावायची, लिंबू फिरवायचं, पाणी घालायचं, पण बघायचं नाही. पुसून झाला की पालथा ठेवायचा. उताणा करायला घरातला पुरुष येणार, गंध लावणार आणि चहाला निघून जाणार.

"मग त्याला घासलं का नाही हे कळायचं कसं?" मी विचारलं होतं. मी नांदगावची, आमच्याकडं प्रश्न पोटात ठेवत नाहीत.

"बोटाला कळतं," आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे सासूबाई, मंगलाबाई. "आन तुला नाय घासायचाय. माझे हात चालतात तवर मीच घालीन त्याला अंघोळ."

खरंच त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. मला वाटायचं, म्हातारीला माझ्यावर भरवसा नाही. एकदा त्या कळवणला माहेरी गेल्या तेव्हा मी चोरून बघून घेतलंच. मेलं काय होतं त्यात? एक सपाट, चकचकीत पत्रा. एका अंगाला जरासा फुगीर. नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही. ह्याच्यासाठी एवढा पदर ओढायचा, असं मनात आलं आणि मी तो पालथा ठेवून दिला.

आत्याबाई मखमलाबादच्या ह्या मळ्यात सोळाव्या वर्षी आल्या. त्यांच्या सासूबाईंनी, नवसाबाईंनी, ओलांडलेल्या मापाचे तांदूळ उचलायच्या आधी त्यांच्या हातात टाक ठेवला म्हणे. पुढं काही वर्षांत नवसाबाई गेल्या, आणि त्यांच्यामागं आमचे सासरे, रावजी. मोटारीचा शॉक लागून विहिरीच्या कडेलाच पडले. आमचे हे तेव्हा शाळेत जायला लागले होते आणि दिनेशभाऊजी अजून अंगावर पीत होते. चुलतसासरे म्हणाले, मळा वाट्यानं लावून टाक आणि माहेरी जा. आत्याबाईंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी दिनेशभाऊजींना कडेवर घेतलं, विळा घेतला आणि मेथीच्या वाफ्यात जाऊन बसल्या. पहाटे झेंडूची पोतडी घेऊन फुलबाजारात, उजाडल्यावर परत मळ्यात. हे सगळं मला त्यांनी कधी सांगितलं नाही हां. त्यांचं बोलणं म्हणजे, "काय करणार, दिवस जातच होते की." मी ते फुलबाजारातल्या म्हाताऱ्या बायकांकडून काढून घेतलं, एकेक करून.

तर शिवरात्रीची सकाळ. मी साबुदाणा परतत होते आणि देवघरातून आवाज आला, "अगं बया!" धावत गेले तर आत्याबाई ताम्हणापुढं बसलेल्या, पदर नाकापर्यंत, अंगठ्यातून रक्त. ताम्हणातल्या पाण्यात लाल धागा सुटलेला.

"सुवर्णा, वीर फुटला गं. माझ्या हातून देव फुटला."

मी टाक उचलला. जिथं फुगीर होतं, तिथंच चांदी झिजून झिजून भोक पडलं होतं. त्याचीच कड अंगठ्यात घुसली.

"बघा, एवढंसं तर आहे," मी म्हटलं.

"मी कशी बघू? तू बघ आन सांग. तोंड हाय का त्याचं? घोडा हाय का?"

आता काय सांगायचं! खोटं बोलायला माझी जीभ वळत नाही, हा माझ्यातला मोठा दोष. "आत्याबाई, ह्यात काहीच नाहीये. सगळं पुसलं गेलंय."

त्या दिवसापासून बाई जी बसली ती बसलीच. जेवण निम्मं. मळ्यात जाणं बंद. कोणी काही विचारलं की एकच, "मी घराचा वीर पुसला. वर गेल्यावर सासूबाईंना काय तोंड दाखवू?" आम्ही हसण्यावारी नेलं, मनाली, माझी लेक, म्हणाली, "आजी, चांदी मऊच असते गं," पण त्यांच्या मनाला ते पटलं नाही. मरायच्या आत वीर होता तस्सा परत देवघरात आला पाहिजे, एवढं एकच त्यांचं मागणं. आणि तो होता कसा, हे सांगायला जिवंत माणूस एकही नाही; रोज गंध लावणाऱ्या आमच्या ह्यांनाही तो सपाटच आठवतो.

दिनेशभाऊजी म्हणाले, "त्यात काय कोडं आहे? वीर म्हणजे घोड्यावर, हातात तलवार. अख्ख्या नाशकाचा तसाच असतो. होळीच्या आत नवीन ठोकून आणतो, मस्त, मोठा." भाऊजींचा लग्नाच्या डेकोरेशनचा धंदा. त्यांना सगळं मोठं आणि मस्त लागतं.

"घोडा नव्हता," आत्याबाई म्हणाल्या.

"आई, तू तर कधी बघितलाच नाहीस!"

"बघितला नाय. पण घोडा असता तर चार पाय बोटाला लागले असते ना? मला कधीच लागले नाय. हितं, डाव्या अंगाला, एक उंचवटा होता. गोल. रोज अंगठा तिथंच जायचा."

"ती ढाल असेल."

"ढाल एवढी गोल नसते," आत्याबाई पुटपुटल्या. भाऊजी मोबाईलवर घोड्यांचे फोटो दाखवायला लागले, तेव्हा मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "भाऊजी, जन्मभर ज्या बाईनं त्याला न्हाऊ घातलं तिला कळत नाही, आणि वर्षातून एक दिवस फडक्यात बांधून नाचवणाऱ्यांना कळतं होय?" आमचे हे कोपऱ्यात बसून चहा पीत होते. वर्षाला चार वाक्यं बोलतात, त्यातलं एक तेव्हा वापरलं. म्हणाले, "सराफाकडं आईलाच घेऊन जा."

सराफ बाजारात लखनशेठ टाक बनवतात. दुकान कसलं, बोळातली एक खोली, पण भिंतीवर लोखंडी ठसे असे रचलेले की बघत राहावं. खंडोबा, भवानी, मुंजा, आणि घोडेस्वार तर खंडीभर. भाऊजी खूश. "हा द्या," म्हणाले, "हा उडी मारणारा."

लखनशेठांनी ठसा काढलासुद्धा. तेवढ्यात आत्याबाई खाली पायरीवर बसल्या. "मला घोडा नको," म्हणाल्या. "आमचा होता तोच पायजे. नायतर मी हितून उठत नाय."

"आई, लोक बघतायत!"

"बघूंदे."

मला एवढं भरून आलं की मीही त्यांच्याशेजारी बसकण मारली. दोन धडधाकट बायका दुकानाच्या पायरीवर, गिऱ्हाइकाला आत जायला वाट नाही. लखनशेठांनी कपाळाला हात लावला. मग जुना टाक उजेडात धरून उलटसुलट केला, मागच्या तांब्याच्या पत्र्यावर नख वाजवलं आणि म्हणाले, "काकू, हा वरून झिजलाय. आतून कुठं झिजलाय?"

आम्हाला काही उमगेना. मग त्यांनी समजावलं. टाकाचा पत्रा मागून ठोकून फुगवतात. मागं जी पोकळी राहते तिच्यात लाख भरतात आणि तांब्यानं बंद करतात. म्हणजे मूर्ती दोनदा असते, एकदा बाहेर, एकदा आत. बाहेरची तुम्ही घासलीत. आतली तर बनवल्या दिवसापासून कोणी बघितलीसुद्धा नाही.

"मग उघडा की!" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी शेगडी पेटवली. टाक चिमट्यात धरून ऊब दिली, तशी कडेनं काळी लाख पाझरायला लागली. जुन्या लाखेचा वास आला, गोडसर, देवळाच्या गाभाऱ्यात येतो तसा. तांब्याचा पत्रा अलगद सुटला. उरलेली लाख त्यांनी पुसून काढली, आतून ब्रश फिरवला आणि मग ताजी लाख मऊ करून त्या पोकळीत दाबून बसवली, साच्यात बसवतात तशी. गार होऊ दिली. भाऊजींचा मोबाईल वाजत होता, तो त्यांनी बंद केला.

लखनशेठांनी पत्रा उलटा करून हलका ठोका दिला. तांबडी लाख त्यांच्या तळहातावर निघून आली. त्यांनी ती बघितली. परत बघितली. मग चष्मा लावला.

"वहिनी," ते मला म्हणाले, "हा वीर नाही हो."

मी त्यांच्या हातावर वाकले आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आत्ता सांगतानाही येतोय, बघा. ती बाई होती. नऊवारीचा कासोटा, घोट्यापाशी ठिपक्यांचे तोडे, केसांचा बुचडा, सगळं काल कोरल्यासारखं. उजव्या हातात विळा, वर उचललेला. आणि डाव्या कडेवर लेकरू. लेकराचा एक हात आईच्या गळ्याभोवती, इवल्या पाचही बोटांसकट. फक्त त्याच्या डोक्याच्या जागी लाख भोकातून बाहेर आली होती, वेडीवाकडी.

तो उंचवटा. लेकराचं डोकं होतं ते.

"काय हाय गं?" आत्याबाई पायरीवरूनच विचारत होत्या. तोंड दुसरीकडं, पदर नाकावर. "सुवर्णा, सांग ना, काय निघालं? घोडा हाय का?"

मला बोलताच येईना. मी, सुवर्णा, जिचं तोंड झोपेतही चालतं असं सगळं घर म्हणतं! शेवटी भाऊजींनीच सांगितलं. त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता मी. "आई, वीर नाही. बाई आहे. तिच्या कडेवर पोर आहे."

आत्याबाई म्हणाल्या, "बाई?"

"हो."

"मंजी आम्ही सगळ्या... नवसाबाई, त्यांची सासू, तिची सासू... बाईमाणसासमोर पदर ओढून बसायचो?"

ज्यांना बघायची मुभा होती त्यांनी गंध लावलं आणि चहाला निघून गेले, वर्षातून एकदा फडकं नाचवलं. ज्या रोज हातात घ्यायच्या त्यांनी बघितलं नाही, कारण बघायचं नव्हतं. आणि सगळ्या घासत राहिल्या, पुसत राहिल्या, तिचं नाक, तिचे डोळे, तिचं कुंकू. कोणी वाईट नव्हतं हो ह्यात. नेमानं, भक्तीनं केलं सगळं. मला हसू येतंय का रडू, तेच कळेना.

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला, खांद्यावर टाकला. इतक्या वर्षांत घराबाहेर त्यांचं डोकं मी उघडं बघितलं नव्हतं. पांढरे केस, मधे भांग. उठल्या, आत आल्या आणि लखनशेठांच्या हातावरची ती लाखेची बाई त्यांनी सरळ, डोळे भरून बघितली. मग अंगठा पुढं केला, पट्टी बांधलेला, आणि लेकराच्या डोक्याच्या जागी ठेवला. बरोब्बर बसला तो.

"म्या रोज त्याची टाळू चोळली," त्या म्हणाल्या. "आई चोळत असंल, तशी. माझ्या आधीच्यांनी पण चोळली असंल. मला माहीत नव्हतं गं. पण चोळली."

आणि मग रडल्या. सासरे गेले तेव्हा ही बाई रडली नव्हती, असं फुलबाजारातल्या बायका सांगतात. त्या दुकानात उभं राहून ती रडली, आणि तिच्याबरोबर मी, आणि माझा तो घोडेवाला दीरसुद्धा. भाऊजी त्या लाखेकडं बघत होते. विळा, कडेवर पोर. त्यांना स्वतःला काही आठवायचं वय नव्हतं ते, पण अख्खा फुलबाजार त्यांना अजून 'मंगलाबाईच्या कडेवरचा' म्हणून ओळखतो. भिंतीवरून काढलेला घोडेस्वार त्यांनी उचलून परत जागेवर ठेवला.

लखनशेठ म्हणाले, असा टाक त्यांनी कधी बघितला नाही, त्यांच्या वडलांनीही बघितला नसेल. ती कोण, कुठली, तिनं कोणावर विळा उचलला, वाघावर, दरोडेखोरावर, का नुसती कापणीला चालली होती, हे आता ब्रह्मदेवालाच ठाऊक. नावसुद्धा नाही. पण मला त्या बोळात उभ्या उभ्या एक गोष्ट लख्ख दिसली. ते पोर जगलं असणार. त्यानंच मोठं होऊन आईचा टाक केला असणार, दुसरं कोण करील? आणि ते जगलं म्हणून पुढं नवसाबाईंचे मालक, रावजी, आमचे हे, भाऊजी, माझी मनाली. एवढं गोकुळ त्या एवढ्याशा कडेवर बसलेलं. मी मोठी देवभक्त नाही. पण तिथं माझे हात आपोआप जोडले गेले.

"लेकराचं तोंड गेलंय, काकू," लखनशेठ म्हणाले. "ते मला मनानं करावं लागेल. कसं करू?"

आत्याबाईंनी नाक पुसलं. "कसं बी कर. आमच्याच घरातलं हाय, कोणाचं तरी जुळंलच."

नवीन टाक होळीच्या आदल्या दिवशी आला. जुन्याची चांदी त्यातच घातली. आत्याबाईंनी त्याला पहिली अंघोळ घातली ती डोकं उघडं ठेवून, मला शेजारी बसवून. "तू पण चोळ," म्हणाल्या. "जरा हळू. लहान हाय ते."

धुळवडीला पंचवटीत टेम्पो लावला. हलगीवाले आले, फडकं बांधलं, हार घातला. फक्त ह्या वेळी टाक फडक्याच्या बाहेर, दिसेल असा. आमचे हे थोरले, त्यांनी वीर हातात घेतला, कपाळाला लावला आणि नाचायच्या ऐवजी आईसमोर जाऊन उभे राहिले. वर्षाचं दुसरं वाक्य. "आई, हिला तू ने."

"येडा का काय! बाया वीर नाचवतात का कुठं?"

"वीर बाई असू शकते, तर नाचवणारी का नाही?" मी म्हटलं. तोंड आहे, वापरायचं.

आत्याबाईंनी आमच्या सगळ्यांकडं बघितलं आणि हात पुढं केले. हलगी कडाडली. भाऊजी हलगीवाल्यांवर खेकसले, "ए, हळू वाजवा रे, आईचे गुडघे दुखतात!" सुरुवातीला आत्याबाईंनी वीर पुरुषांसारखा दोन्ही हातांनी छातीशी धरला, ताठ, घाबरून. पाऊल पडेना. मी मागं, कमरेला हात देऊन. चार पावलं गेल्या आणि काय झालं कोण जाणे, त्यांनी तो फडक्यातला वीर सरकवून डाव्या कडेवर घेतला. एक हात त्याच्याभोवती, दुसरा मोकळा. त्यासरशी त्यांची पावलं सुटली. मला माझा हात काढून घ्यावा लागला. म्हातारी नाचत होती हो! कंबर हलत होती, पाय पडत होते, आणि रस्त्यातली गर्दी दोन्ही बाजूंना सरून वाट देत होती. माणसं हात जोडत होती. ती टाकाला जोडत होती का आत्याबाईंना, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मी स्वतः कोणाला जोडले हेही सांगता यायचं नाही.

रामकुंडाच्या उतारावर एक बाई पुढं आली, वाकून बघून म्हणाली, "कोणाचा वीर हो, मावशी? घोडा नाही दिसत."

"वीर नाय, आमची थोरली सासू हाय," आत्याबाई धापा टाकत म्हणाल्या. "आन हे तिचं लेकरू."

ऊन चांगलंच तापलं होतं. आत्याबाई क्षणभर थांबल्या, वर बघितलं, आणि खांद्यावरचा पदर सोडवून त्यांनी कडेवरच्या वीरावर धरला. "चला बिगीबिगी," आम्हाला म्हणाल्या, "ऊन लागतंय त्याला."